पुण्याच्या थंडीत पहिली हाफ मॅरेथॉन: नावनोंदणीपासून स्वतःचे आकडे वाचण्यापर्यंत

दोन हिवाळे, एकच मार्ग. पहिल्या वर्षी पंधराव्या किलोमीटरच्या पाटीशी पोचले तेव्हा घड्याळात १ तास ३६ मिनिटं १० सेकंद झाले होते. दुसऱ्या वर्षी त्याच पाटीशी १ तास ३७ मिनिटं १० सेकंद, म्हणजे बरोबर एक मिनिट मागे. तरीही शर्यत संपली तेव्हा दुसऱ्या वर्षीची वेळ सव्वानऊ मिनिटांनी कमी होती. सगळा फरक शेवटच्या सहा किलोमीटरांत पडला.

तो कशाने पडला हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर पहिल्या वर्षीचे ते सहा किलोमीटर मी डोळ्यांत पाणी आणून, चालत-पळत काढले नसते. म्हणून हे लिहिते आहे. मी कर्वेनगरला राहते, बँकेत नोकरी करते, एकेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले. शाळेत कधी धावण्याच्या शर्यतीत उतरले नव्हते. तुम्हाला आज पाच किलोमीटर झपझप चालता येत असेल, मधूनमधून थोडं पळता येत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

१. शर्यत आधी ठरवा, मग दिवस उलटे मोजा

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि परंपरेने ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. त्याशिवाय नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शहरात आणि आसपास लहानमोठ्या बऱ्याच शर्यती होतात. नाव देण्याआधी तीन गोष्टी बघा: किती वाजता सुटणार, मार्गात उड्डाणपूल आणि चढ किती, आणि जास्तीत जास्त किती वेळात संपवायची मुभा आहे. पहिल्या वेळेस तीन-साडेतीन तासांची मुभा असलेली शर्यत निवडा, म्हणजे मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी मागून येईल ही धास्ती राहत नाही. वयाची अटही वाचा. हाफला बहुतेक ठिकाणी १८ वर्षं पूर्ण लागतात.

शर्यतीच्या तारखेपासून सोळा आठवडे मागे मोजा. डिसेंबरची शर्यत असेल तर तयारी ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणजे मध्ये पाऊस, गणपती, नवरात्र आणि दिवाळी हे सगळं येणार. कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दहा किलोमीटर होत नाहीत, मी करून पाहिलंय. आणि दिवाळी तर नेमकी सगळ्यात लांबच्या रविवारांच्या आसपास येते. फराळ खा, पण त्या आठवड्याचं पळणं लक्ष्मीपूजनाच्या आधीच उरकून घ्या.

२. डॉक्टर आणि बूट

चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि "एकवीस किलोमीटर पळणार आहे" असं स्पष्ट सांगा. नुसतं "व्यायाम करते" म्हटलं की तपासणीही वरवरची होते. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं, यात तडजोड नाही.

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि लांब पळताना तो तसाच सुजतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. माझ्या पहिल्या बुटांच्या वेळी दुकानदार म्हणाला, "घट्टच बसू द्या, नंतर सैल होतात." मी ऐकलं. चौदा किलोमीटरच्या एका रविवारनंतर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि पुढे महिन्याभरात गळून गेली. बूट मोठा हवा, हे तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. शर्यतीच्या बुटांत आधी किमान पन्नास-साठ किलोमीटर झालेले असावेत.

३. सोळा आठवडे

आठवड्यात चार दिवस पळायचं: दोन दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश, एक दिवस चढाचं किंवा थोड्या वेगाचं, आणि रविवारी लांब. माझे दुसऱ्या वर्षीचे रविवार असे होते, किलोमीटरमध्ये: ६, ७, ८, ६, ९, १०, ११, ८, १२, १३, १४, १०, १६, १८, १२, आणि मग शर्यत. दर चौथ्या रविवारी अंतर मुद्दाम कमी केलंय ते बघा. त्या आठवड्यात शरीर दुरुस्ती करून घेतं. तो रविवार गाळून सरळ वाढवत गेलं की नडगी धरते. शर्यतीआधी पूर्ण २१ करून बघायची गरज नाही, १८ झाले की पुढचे तीन शर्यतीच्या दिवशी होतात.

रविवारचं पळणं किती सावकाश, हा सगळ्यात मोठा प्रश्न. बोलता आलं पाहिजे, आणि एकेक शब्द नाही, पूर्ण वाक्य. आम्ही विद्यापीठाच्या आवारात पळायचो तिथे अडुसष्ट वर्षांचे एक काका यायचे. मी त्यांना मागे टाकून पुढे गेले की म्हणायचे, "अगं, आज रविवार आहे. चकलीची भाजणी कशी करतेस ते सांगत सांगत पळ." भाजणीचं प्रमाण सांगता सांगता दम लागला तर वेग जास्त आहे, एवढी सोपी परीक्षा होती ती. त्या दिवशी घड्याळ बघू नका.

जागा: वेताळ टेकडी आणि तळजाईची माती पायांना बरी, चढही मिळतो, पण पावसाळ्यात निसरडं होतं. पाषाण तलावाची बाजू आणि विद्यापीठाचा परिसर झाडांमुळे आल्हाददायक आहे. लांबच्या रविवारी मात्र निम्मं अंतर तरी डांबरावर करा, कारण शर्यत डांबरावर असते आणि मातीवरची पिंडरी तिथे कुरकुरते. बायकांनी अंधारात टेकडीवर एकटीने जाऊ नये. दोघी-तिघींचा गट करा, नसेल जमत तर उजाडेपर्यंत सोसायटीभोवती फेऱ्या मारा.

पळण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं उठाबशा, पायरीवर टाचा वर-खाली करणं, आणि पोट-कमरेचे व्यायाम. हे कंटाळवाणं असतं आणि सगळे हेच टाळतात. माझा गुडघा याच वीस मिनिटांमुळे टिकला.

४. थंडी: सोबती आणि चकवा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. पाषाण, शिवाजीनगरकडे गारठा जास्त जाणवतो. पळायला ही हवा उत्तम, पण नवख्याला ती तीन प्रकारे चकवते.

पहिला चकवा वेगाचा. गारव्यात सुरुवातीला दम लागत नाही, घाम दिसत नाही, आणि आपण आज फार छान पळतोय असं वाटतं. शरीरावरचा ताण मात्र वाढतच असतो, जाणवतो तेवढा उशिरा.

दुसरा तहानेचा. थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, म्हणून पाणी कमी पडतंय हे कळत नाही. याच्या उलट टोकही वाईट. प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि ते धोक्याचं असतं. दर पाण्याच्या टेबलाशी दोन-तीन घोट, आणि एक-दोनदा ओआरएस. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच करा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते एका ग्लासात ओतून प्यायलं तर पोट बिघडतं.

तिसरा कपड्यांचा. सुरुवातीच्या रांगेत थोडी थंडी वाजलीच पाहिजे. तिथेच ऊबदार वाटत असेल तर पाचव्या किलोमीटरला जाकीट कमरेला बांधून पळावं लागतं. डिसेंबरात पुण्यात सातच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि साडेआठनंतर ऊन पाठीवर लागायला लागतं. म्हणजे तुमचा शेवटचा, सगळ्यात अवघड भाग उन्हात जाणार आहे. टोपी हवी ती त्या वेळेसाठी.

आणखी एक, धूर. थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि तिच्यात पहाटेच्या शेकोट्यांचा, जाळलेल्या पाल्याचा धूर अडकतो. सराव करताना असा पट्टा दिसला की रस्ता बदला. माझा दोन आठवड्यांचा खोकला अशाच एका रस्त्यावर रोज पळून झाला होता. ताप असेल किंवा छातीत कफ असेल तर पळायचं नाही. नुसतं नाक वाहत असेल तर सावकाश चालतं.

५. कागदपत्रं आणि सामान

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, बहुतेक शर्यतींत आदल्या एक-दोन दिवसांत घ्यावा लागतो. शर्यतीच्या पहाटे मिळत नाही. त्यासाठी न्यायचं:

- आधार किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, मूळ प्रत
- नावनोंदणीची पावती किंवा मेसेज
- मागितलं असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र (नियमांत वाचा, ऐन वेळी मिळत नाही)
- तुमच्या वतीने दुसरं कुणी जाणार असेल तर तुमच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत

बिब हातात आला की तिथेच नाव आणि अंतर तपासा. मला पहिल्या वर्षी दहा किलोमीटरचा बिब दिला होता. घरी आल्यावर कळलं आणि स्वारगेटच्या गर्दीतून परत जावं लागलं. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा. वेळ मोजणारी चिप बिबलाच चिकटवलेली असते, तिच्यातून पिन टोचू नका, बिबची घडी घालू नका.

आदल्या रात्री खुर्चीवर मांडून ठेवायचं: बिब लावलेला टी-शर्ट, चार सेफ्टी पिना जास्तीच्या, सवयीचे मोजे, बूट, टोपी, व्हॅसलीन, पूर्ण चार्ज केलेलं घड्याळ, दोन खजूर किंवा जेल (पळताना चोखून खायचं गोड, घट्ट मिश्रणाचं छोटं पाकीट), शर्यतीनंतर घालायला कोरडा टी-शर्ट. व्हॅसलीन काखेत, मांड्यांमध्ये आणि कपड्यांच्या शिवणी घासतात तिथे भरपूर लावा. बायकांनी ब्राच्या पट्ट्याखाली, पुरुषांनी छातीवर. शर्यतीसोबत मिळालेला नवा टी-शर्ट त्या दिवशी घालू नका. नवं काहीच नको, ना मोजे, ना जेल.

६. आदला दिवस आणि पहाट

आदल्या रात्री आठच्या आत जेवा. वरणभात, तूप, बटाट्याची भाजी. मिसळ, उसळ, कच्ची कोशिंबीर नको. झोप लागली नाही तरी घाबरू नका, त्या रात्री कुणालाच लागत नाही. दोन दिवस आधीची झोप खरी कामाची.

सुटण्याच्या दोन तास आधी उठून केळं आणि साखर-लिंबू पिळलेले थोडे पोहे, किंवा जॅम-ब्रेड. जे रविवारी खाऊन पळत होतात तेच. इतक्या पहाटे मेट्रो नसते आणि मार्गावरचे रस्ते बंद असतात, त्यामुळे रिक्षा किंवा घरच्यांची सोय आदल्या दिवशीच करा आणि उतरल्यावर पंधरा मिनिटं चालायची तयारी ठेवा. शौचालयाची रांग लांब असते, सुटायच्या तासभर आधी मैदानात असलंच पाहिजे. दहा मिनिटं हलकं पळून, पाय झाडून अंग गरम करा. थंड पिंडरी घेऊन रांगेत उभं राहू नका.

७. शर्यत

सगळं इथे ठरतं, आणि तेही पहिल्या पाच किलोमीटरांत.

२ तास १५ मिनिटांचं लक्ष्य असेल तर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद, म्हणजे दर पाच किलोमीटरला ३२ मिनिटं. पहिल्या वर्षी ढोल वाजत होते, अंधारात शेकडो बूट एकदम डांबरावर आपटत होते, गारवा होता, आणि मी पहिले पाच ३०:१० मध्ये गेले. वाटलं, १ मिनिट ५० सेकंद गाठीला बांधले. पुढचा हिशेब खाली देते.

दुसऱ्या वर्षी मनगटावर बॉलपेनने चार आकडे लिहिले होते: ३२:४५, १:०४:४५, १:३६:३०, २:०८:१०. पाच, दहा, पंधरा, वीस. पहिल्या पाचात मुद्दाम पाऊण मिनिट हळू. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली, पोटं सुटलेले गृहस्थ, शाळकरी वाटणारी मुलं, सगळे पुढे निघून गेले. फार जड जातं ते. मी मान खाली घालून मनगट बघत राहिले आणि मनात भाजणीचं प्रमाण म्हटलं, चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ. सोळाव्या किलोमीटरनंतर त्यातले बरेच जण कंबरेवर हात ठेवून चालताना दिसले.

बाकी थोडक्यात. उड्डाणपुलाच्या चढावर पावलं छोटी करा, वेग पडू द्या, श्वास पहिल्यासारखा राहू द्या. पाण्याच्या टेबलांपैकी पहिल्यावर झुंबड असते, शेवटच्या टेबलावर घ्या. चार पावलं चालत प्यायलात तर काही बिघडत नाही, पळत प्यायलं की ठसका लागतो. खजूर किंवा जेल पन्नासाव्या मिनिटाला आणि पुन्हा दीड तासाच्या सुमाराला, पाण्याबरोबर. भूक लागायची वाट पाहिली तर उशीर होतो. अठराव्या किलोमीटरला मन थांबायला सांगतं. तेव्हा पुढच्या विजेच्या खांबापर्यंत, मग त्याच्या पुढच्या, एवढंच बघा.

८. स्वतःचे आकडे वाचा

पदक घेतल्यावर बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, कोरडा टी-शर्ट घाला, खा. दोन दिवस जिना उतरताना मांड्या बोलतील. त्या दोन दिवसांतच वही काढा, कारण नंतर आठवण गोड होत जाते. निकालात दोन वेळा दिसतील: शर्यत सुटल्यापासूनची, आणि तुम्ही रेषा ओलांडल्यापासूनची चिपची. तुमची वेळ चिपची.

माझी दोन पानं अशी, दर पाच किलोमीटरला लागलेला वेळ आणि शेवटी उरलेल्या एक किलोमीटरभराचा:

पहिलं वर्ष: ३०:१०, ३१:४०, ३४:२०, ४०:१५, शेवटचे ८:५५. एकूण २:२५:२०.

दुसरं वर्ष: ३२:५०, ३२:२०, ३२:००, ३२:०५, शेवटचे ६:५०. एकूण २:१६:०५.

पहिल्या ओळीत पंधरा ते वीसचा आकडा बघा. सुरुवातीला कमावलेले १ मिनिट ५० सेकंद तिथे सव्वाआठ मिनिटं देऊन फेडले. वर्षभर मी समजत होते की माझा दम कमी आहे, वय झालंय. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या तेव्हा दिसलं की दम होता, तो मी अंधारातच खर्च करून टाकला होता.

तुमची ओळ अशी वाचा. शेवटचे भाग एकदम ढासळले असतील तर सुरुवात जोरात झाली. सगळे भाग सारखेच, पण लक्ष्यापेक्षा हळू असतील तर चूक शर्यतीत नाही, आठवड्याचे किलोमीटर कमी पडलेत किंवा लक्ष्यच मोठं होतं. शेवटचा किलोमीटर आधीच्यांपेक्षा मिनिटभर जोरात गेला असेल तर मधल्या भागात हात फार आखडला. आकड्यांशेजारी त्या दिवसाचं लिहा: झोप किती, ऊन कधी लागलं, काय खाल्लं, पाळी होती का, कुठे दुखलं. पाळीचा दुसरा दिवस असलेली शर्यत आणि नसलेली शर्यत यांची वेळ सरळ ताडून बघू नये.

घड्याळाच्या बाबतीत एक सावधगिरी. दुसऱ्या वर्षी माझं घड्याळ ६:२३ चा वेग दाखवत होतं, म्हणजे लक्ष्याच्या आत. तरी १ मिनिट ५ सेकंदांनी हुकलं. कारण घड्याळात अंतर २१.३२ किलोमीटर झालं होतं. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सगळ्यात जवळच्या रेषेने. आपण गर्दी चुकवत, वळणं बाहेरून घेत पळतो, आणि उंच इमारतींजवळ घड्याळही थोडं चुकतं. म्हणून वळणं आतून घ्या, घड्याळावर दर किलोमीटरला लक्ष्यापेक्षा पाच सेकंद कमी वेळ धरा, आणि हिशेब रस्त्यावरच्या पाट्यांवरून करा.

मग चार दिवस पळू नका, नुसतं चाला. आठव्या-दहाव्या दिवशी सकाळी तळजाईच्या मातीवर पाच किलोमीटर, भाजणी सांगत सांगत. नडगी, गुडघा, टाच यांपैकी काही दुखलं नाही तर वहीत नवीन पान काढून वर तारीख घाला.